तेवीस आडवे, चार अक्षरं

आमच्या सासूबाई रोजचं शब्दकोडं दोनदा सोडवतात. एकदा शिसपेन्सिलीने आणि एकदा पेनाने. पेन्सिलीने सोडवायला त्यांना वीसेक मिनिटं लागतात. पेनाने सोडवायला कधी एक दिवस लागतो, कधी आठवडा, आणि ‘लोलक’ या तीन अक्षरांनी तर तब्बल पाच महिने खाल्ले होते.

नियम त्यांचाच. उत्तर सुचलं, चौकोनांत बसलं, उभ्या-आडव्या शब्दांशी जुळलं, तरी ते पेन्सिलीतच राहतं. त्या शब्दामागची एक तरी खरी गोष्ट कळल्याशिवाय त्यावर पेन फिरवायचं नाही. आणि ती गोष्टसुद्धा, जमेल तिथवर, ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे त्याच्याकडून कळायला हवी. पुस्तकातलं चालतं, पण नाइलाज म्हणून. उन्हाळ्यात लोलकाची दांडी किंचित लांबते आणि घड्याळ मागे पडतं, असं त्यांना घड्याळजींनी सांगितलं होतं. घड्याळजींच्या शब्दावर भागलं असतं, पण बाईंना पडताळा हवा होता. थंडीपासून ते कडक उन्हापर्यंत दर रविवारी त्या भिंतीवरचं घड्याळ आणि रेडिओवरची वेळ ताडून पाहत होत्या. आठवड्याला जवळजवळ मिनिटभर मागे पडतंय असं दिसलं, तेव्हा कुठे पाच महिन्यांपूर्वीचा पेपर कपाटातून काढून त्यांनी ‘लोलक’ शाईत केला.

मी या घरात आले तेव्हा या प्रकाराने माझ्या नाकी नऊ आले होते. गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सासूबाई वायूला वास कुठून येतो ते विचारत बसायच्या. तो बिचारा सांगायचा की वायूला स्वतःचा वास नसतोच, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घालतात. मग वास कोण घालतं, कुठे घालतं, किती घालतं. गॅस राहायचा बाजूला आणि माझी कामावर जायची वेळ टळायची. मी दात बनवते. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या, कॅप, ब्रिज, सगळं. त्यामुळे ‘दाढ’, ‘दंत’, ‘सुळा’ असलं काही कोड्यात आलं की माझी शाळा भरायची. दातावरचं आवरण हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण, हे मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा जरा मानाने पाहिलं. त्या दिवसापासून मला त्यांचा राग येणं कमी झालं, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

या नियमाला एकच अपवाद होता. ताईमावशी.

ताईमावशी म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. दुसऱ्या गावात राहतात. वय चौऱ्याहत्तर, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त, पण निवृत्ती फक्त शाळेतून. सासूबाई आठ वर्षांनी लहान. त्या सातवीत असताना त्यांच्या आईचं दुखणं निघालं, घर सांभाळायला कोणीतरी हवं होतं, आणि ते कोणीतरी धाकटीच ठरली. ताईमावशी शिकल्या. धाकटीला मग त्यांनी घरी बसवून शिकवलं, अगदी छडी घेऊन शिकवलं, आणि ते शिकवणं आजतागायत चालू आहे. दोघींकडे एकच वर्तमानपत्र येतं. सकाळी साडेआठला फोन वाजतो. “छोटे, एक आडवे?” असं तिकडून येतं आणि सहासष्ट वर्षांच्या आमच्या सासूबाई ताठ बसून उत्तर देतात. फोन स्पीकरवर असतो, कारण हातात पेन्सिल लागते. मध्ये मध्ये ताईमावशी शब्दामागची माहितीही देतात, आणि ताईमावशींनी दिलेली माहिती थेट शाईत जाते. तिला साक्षीदार लागत नाही.

ताईमावशी चुकत नाहीत असं नाही. एकदा त्यांनी सासूबाईंना मोत्याच्या कुड्या दिल्या होत्या. पुढे कधीतरी ‘मोती’ कोड्यात आला आणि सराफाने सांगितलं की खरा मोती व्हिनेगरमध्ये टाकला तर हळूहळू विरघळतो. बाईंनी एक कुडी वाटीत बुडवून ठेवली. दोन दिवस झाले, तीन झाले, मोती जसाच्या तसा, उलट चकचकीत. सराफाने भिंगातून पाहिलं आणि कुडी परत दिली. प्लास्टिकच्या होत्या. ताईमावशी यायच्या असल्या की सासूबाई अजूनही त्याच कुड्या घालतात. हे गुपित घरात आम्हा दोघींनाच माहीत आहे.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या वर्तमानपत्रात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचकाने तयार केलेलं कोडं छापतात. कोडं रविवारी येतं, करणाऱ्याचं नाव सोमवारी उत्तरांबरोबर. गेल्या वर्षी सासूबाईंनी कोडं करायला घेतलं आणि ही गोष्ट ताईमावशींना कळता कामा नये अशी मला ताकीद दिली. मला वाटलं, नाकारलं गेलं तर लाज वाटेल म्हणून असेल. तसं नव्हतं. एका दुपारी मटार सोलता सोलता त्यांनी स्वतःहूनच सांगितलं.

“रविवारी ताई ते सोडवेल,” त्या म्हणाल्या. “मला विचारेल, एक आडवे, दोन आडवे. आणि कुठेतरी अडेल. अडली की मला विचारेल. परीक्षा घेतल्यासारखं नाही, खरोखरचं विचारेल. तिने मला सगळं सांगितलं गं आयुष्यभर. विचारलं मात्र कधी काहीच नाही.”

मी मटार सोलत राहिले. पण त्या दिवसापासून ते कोडं छापून यावं हा माझाही हट्ट झाला.

पहिलं कोडं परत आलं. वर्तमानपत्रातले कोडेकाका, म्हणजे एकतीस वर्षं रोज कोडं करणारे एक वयस्कर गृहस्थ, यांनी सोबत चिठ्ठी लावली होती. कोड्यातली सूचना ही सूचना असावी, निबंध नसावा, असं त्यांनी नम्रपणे लिहिलं होतं. त्यांचंही बरोबर होतं. ‘लोलक’ची सूचना सात ओळींची होती आणि तिच्यात घड्याळजींच्या दुकानाचा पत्तासुद्धा होता. माहिती इतकी ठासून भरली होती की कोडं सोडवायला जागाच उरली नव्हती. सासूबाई दोन दिवस घुश्शात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कात्री चालवायला घेतली. प्रत्येक सूचना एका ओळीत, आणि त्या ओळीतलं प्रत्येक अक्षर खरं. जिराफाच्या मानेत माणसाइतकेच सात मणके असतात, तर सूचना झाली: ‘लांब मान, तरी मणके आपल्याइतकेच’. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, तर: ‘नावात शिसं, पोटात नाही’. मला तर वाचतानाच मजा यायला लागली. नवरा म्हणाला, आईने हे आधीच केलं असतं तर माझं गणित सुधारलं असतं. गणिताचा याच्याशी काय संबंध, ते त्याचं त्यालाच माहीत.

दुसरं कोडं कोडेकाकांनी स्वीकारलं. स्वतः फोन करून सांगितलं. तीस शब्द, जागेवर बसलेले, आणि सूचना नव्या धाटणीच्या आहेत असं म्हणाले. त्या दिवशी सासूबाईंनी मला दोनदा चहा करून पाजला आणि दोन्ही वेळा साखर घालायला विसरल्या.

छापून यायच्या आधीच्या शुक्रवारी दवाखान्यात एक गृहस्थ आले. पुढचा दात अर्धा तुटलेला. कॅप बसवायची तर शेजारच्या दातांचा रंग जुळवावा लागतो, म्हणून अशा वेळी डॉक्टर मला आतून बाहेर बोलावतात. माझ्याकडे रंगांच्या छटांची पट्टी असते, एकेक नमुन्याचा दात ओठाशी धरून खिडकीच्या उजेडात बघायचं. मी विचारलं, दात कसा तुटला. ते म्हणाले, झेब्र्याने डोकं मारलं. ते प्राणिसंग्रहालयात जनावरांचे डॉक्टर होते.

आता असा माणूस समोर बसलाय म्हटल्यावर मी गप्प बसते की काय. सासूबाईंचा गुण लागलाच होता. मी त्यांना कोड्याबद्दल सांगितलं, रविवारी येतंय म्हणून सांगितलं, जरा मिरवलंच. त्यात पक्षी-प्राणी बरेच आहेत असं म्हणून जिराफाची सूचना ऐकवली. ते खूश झाले. मग तेवीस आडवे ऐकवलं: ‘संकट आलं की वाळूत डोकं खुपसणारा पक्षी’, चार अक्षरं.

“शहामृग,” ते म्हणाले, आणि तुटक्या दाताने हसले. “पण ते खुपसत नाही हो.”

मी म्हटलं, म्हणजे? ते म्हणाले, अकरा वर्षं शहामृगं बघतोय, एकदाही पाहिलं नाही. डोकं वाळूत घातलं तर श्वास कसा घेईल. त्याचं घरटं म्हणजे जमिनीत उकरलेला एक उथळ खड्डा. अंडी त्यात असतात आणि पक्षी मधून मधून मान खाली घालून चोचीने ती फिरवतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, डोकं गेलं जमिनीत. अंड्यांवर बसलेलं असताना धोका वाटला तर मान जमिनीला सपाट लावून पडून राहतं, तेही लांबून तसंच दिसतं. बाकी वेळी संकट आलं की पळतं, आणि काय पळतं. गाठलंच कोणी तर लाथ घालतं.

मी हसून घेतलं, दाताची छटा वहीत लिहिली, आत आले आणि टेबलाशी बसले. तीसपैकी एकोणतीस सूचनांना बाईंनी साक्षीदार शोधले होते. तेवीस आडव्याला का नाही शोधला, ते मला विचारायचीही गरज नव्हती. शहामृग वाळूत डोकं खुपसतं हे त्यांना आठ-नऊ वर्षांच्या असताना ताईमावशींनी शिकवलं होतं. ते थेट शाईत गेलं होतं.

संध्याकाळी मी मूग गिळून गप्प राहिले. नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, तर तो म्हणाला, अगं उत्तर शहामृगच आहे ना, मग झालं तर. सगळं जग तेच म्हणतं, कोण तक्रार करणार आहे, तू उगाच आईच्या तोंडचा घास काढू नकोस. मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचं होतं. सासूबाई रविवारसाठी पेपरवाल्याला दोन जादा प्रती सांगून आल्या होत्या, आणि एक प्रत कापून कुठे ठेवायची यावर त्यांचा विचार चालू होता. अशा माणसाला काय सांगायचं. मी भांडी आवरली आणि झोपायला गेले.

शनिवारी सकाळी ताईमावशींचा फोन झाला, नेहमीसारखा. फोन ठेवल्यावर सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, आज अकरा उभे ‘शिंपला’ आहे, आतली चमक कशाने येते ते तुझ्या डॉक्टरांना माहीत असेल का, विचारशील? आणि मला राहवलं नाही. जी बाई शिंपल्यासाठी दंतवैद्यापर्यंत जाते, तिचंच खोटं छापून येणार आणि ते मला आधी माहीत असणार. उद्या नाही तर पाच वर्षांनी कुणी ना कुणी तिला सांगणारच, आणि त्या दिवशी ती मला विचारेल की तुला माहीत होतं का. मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एवढंच विचारलं, की त्या माणसाने स्वतः पाहिलंय का. मी म्हटलं, अकरा वर्षं.

“फोन लाव.”

प्राणिसंग्रहालयातल्या डॉक्टरांचा नंबर कॅपसाठी घेतलेला होताच. ते बहुधा कुठल्या तरी पिंजऱ्याजवळ होते, मागे काहीतरी केकाटत होतं. सासूबाईंनी आधी ओळख करून दिली, सकाळी त्रास दिल्याबद्दल माफी मागितली आणि मग उलटतपासणी सुरू केली. खड्डा किती खोल असतो. अंडी कोण फिरवतं, नर की मादी. डॉक्टर म्हणाले, दोघंही आळीपाळीने बसतात, मादी बहुधा दिवसा आणि नर रात्री. मादी मातकट रंगाची, दिवसा जमिनीत मिसळून जाते, आणि नर काळा, अंधारात दिसत नाही. हे ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला की आपण कोणत्या संकटात आहोत तेच त्या विसरल्या. अंडं किती मोठं असतं. कोंबडीच्या वीस-बावीस अंड्यांइतकं. आणि कवच फोडायला पिलाला किती वेळ लागतो. मी घड्याळाकडे बोट दाखवत होते. कोडेकाकांनी सांगून ठेवलं होतं की रविवारची पानं शनिवारी दुपारी बारा वाजता छपाईला जातात. दहा वाजून गेले होते.

कोडेकाकांनी फोन उचलला तेव्हा त्यांचा आवाज त्रासलेला होता. सासूबाईंनी सांगितलं की तेवीस आडवे चुकीचं आहे. त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, शहामृग, चार अक्षरं, अगदी बरोबर आहे. सासूबाई म्हणाल्या, उत्तर बरोबर आहे, सूचना खोटी आहे. आणि त्यांनी खड्डा, अंडी, मान, सगळं सांगितलं.

कोडेकाकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाई, ही सूचना मी स्वतः आजवर तीनदा वापरली आहे. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. पान लागलं आहे. जाऊ द्या.

“तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या. “मला सांगितलंय. आता ते तसं छापलं तर ती माझी चूक राहत नाही, माझा खोटेपणा होतो. बदलता येत नसेल तर कोडं काढून टाका.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वर्षभराचं काम, पेपरवाल्याला सांगितलेल्या दोन प्रती, ताईमावशींचा रविवार, सगळं त्यांनी एका वाक्यात सोडून दिलं होतं. फोन त्यांनी टेबलावर ठेवून दिला.

कोडेकाका कुरकुरले. चौकट बदलता येणार नाही म्हणाले. पण सूचना बदलता येईल, एकाच अटीवर. नवी ओळ जुन्या ओळीपेक्षा लांब नको, कारण ती खालच्या ओळीत गेली तर रकाना सरकतो आणि शेवटची उभी सूचना पानाबाहेर पडते. त्यांनी स्वतःच एक सुचवली: ‘उडता न येणारा मोठा पक्षी’. खरी, आखूड, निर्धोक.

माझा जीव भांड्यात पडला. मी मान हलवून हो म्हणा, हो म्हणा अशा खुणा केल्या. ही सूचना वाचून ताईमावशी झटकन शहामृग लिहितील आणि पुढे जातील, कुठे काही खटकणार नाही. सासूबाईंनीही मान हलवली. पेन्सिल उचलून ती ओळ लिहिली. तिच्याकडे पाहत बसल्या.

मग त्या कोडेकाकांना म्हणाल्या की हे खरं आहे, पण यातून कुणाला काही कळणार नाही. ज्यांना लहानपणी खोटं सांगितलं गेलंय ते तसेच राहतील. त्यांना पाच मिनिटं हवी होती. कोडेकाका म्हणाले, तीन. त्यांनी चार घेतली. मी मधे बोलून पाहिलं, की आई, ताईमावशींना हे लागेल. त्यांनी माझ्याकडे न बघता लिहिणं चालू ठेवलं. शेवटी वाचून दाखवलं: ‘वाळूत डोकं न खुपसताही बदनाम पक्षी’. पलीकडे कोडेकाका पुटपुटत अक्षरं मोजत होते. बसतंय, म्हणाले. आणि फोन ठेवण्याआधी जरा ओशाळून विचारलं, की तो नर रात्रीच बसतो म्हणालात, ते नक्की ना.

रविवारी आमच्याकडे पेपर साडेसहाला आला. कोडं छापलं होतं. सासूबाईंनी ते पाहिलं, घडी घातली, परत उघडलं. आंघोळ करून, केस नीट बांधून त्या आठ वाजल्यापासून फोनजवळ येऊन बसल्या. मी आणि नवरा कामं असल्यासारखे त्याच खोलीत घुटमळत होतो. साडेआठ वाजले. पावणेनऊ झाले. नऊ झाले. इतक्या वर्षांत फोन कधी उशिरा आलेला नव्हता. मला वाटलं, ताईमावशींना कळलं. मग वाटलं, बरं नसेल. नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

“छोटे, आजचं कोणी केलंय गं हे?” नमस्कार नाही, चमत्कार नाही. “सोडवता सोडवता दमले मी. सूचना आहेत की काय आहेत. नावात शिसं, पोटात नाही, अर्धा तास घालवला त्यावर. आणि ते तेवीस आडवे. बघितलंस?”

सासूबाई म्हणाल्या, बघितलं.

ताईमावशींचं म्हणणं असं, की अक्षरं शहामृगचीच जुळतात, पण सूचना धडधडीत चूक आहे. त्यांनी अठ्ठावीस वर्षं पोरांना शिकवलं आहे की शहामृग डोकं खुपसतं, आणि कोण हा दीडशहाणा न खुपसताही म्हणतो. संपादकांना पत्र गेलंच पाहिजे. “माझा हात हल्ली थरथरतो, तुझं अक्षर बरं आहे. कागद घे, सांगते.”

आणि सासूबाईंनी कागद घेतला. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. पेन्सिल धरली आणि लिहू लागल्या. माननीय संपादक, आपल्या रविवारच्या अंकातील शब्दकोडे हे अत्यंत बेजबाबदार व्यक्तीने तयार केलेले दिसते. इथपर्यंत सुंदर वळणदार अक्षरात लिहून झालं. नवऱ्याने तोंडावर हात धरला. ताईमावशी पुढचं वाक्य सांगत होत्या, ‘अशा व्यक्तीला प्राथमिक ज्ञानही’, आणि सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

“ताई, ते कोडं मी केलंय.”

“कुठलं?”

“आजचं. सगळं.”

मी वाकून फोन चालू आहे ना ते पाहिलं. सासूबाई बोलू लागल्या. नेहमीचा, धडा म्हणून दाखवल्यासारखा आवाज नव्हता तो. तूच शिकवलं होतंस मला, त्या म्हणाल्या, आणि मी आधी तसंच लिहिलंही होतं. मग ज्याने अकरा वर्षं बघितलंय तो भेटला. मला उडता न येणारा पक्षी असं लिहिता आलं असतं. तुला काही खटकलं नसतं. पण मग तुला ते कधीच कळलं नसतं.

मग ताईमावशींनी घसा साफ केला.

“मला का नाही सांगितलंस, कोडं करतेस म्हणून?”

“तू सोडवावंस म्हणून.”

“अठरा उभे मला आलं नाही,” ताईमावशी म्हणाल्या. हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की सासूबाईंना फोनकडे वाकावं लागलं. “तीनदा खोडलं. म्हणून तर उशीर झाला.”

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. मला वाटलं, आता ताईमावशी फोन ठेवतील, त्यांना सवड लागेल, उद्या किंवा परवा पुन्हा एक आडवे, दोन आडवे सुरू होईल आणि हे सगळं कोणी काढणार नाही. त्यांच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कागदाची सळसळ झाली. मग पेनाचं टोपण काढल्याचा बारीक आवाज आला, तो मी ओळखला, कारण आमच्या घरी तो रोज येतो.

“बरं, छोटे,” ताईमावशी म्हणाल्या. “मग ते मान खाली घालून करतं तरी काय?”

आमच्या घरात त्या फोनवरून शेकडो प्रश्न आले असतील. पण कोड्यातल्या शब्दाबद्दल, ज्याचं उत्तर ताईमावशींना स्वतःला माहीत नाही, असा हा पहिलाच. सासूबाईंनी पदर सारखा केला, खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून बसल्या.

“सांगते,” त्या म्हणाल्या. “आधी त्याचं घरटं कसं असतं, ते ऐक.”